तारांवरचं गाऱ्हाणं

मी वाद्यवृंदासाठी संगीत लिहिते असं सांगितलं की गावातली माणसं विचारतात, गाणारा कोण आहे? त्यांच्या लेखी ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेनंतर मांडवात होतो तो. एक निवेदक, जुनी हिंदी गाणी आणि शेवटी नाच. त्यात वावगं काही नाही. शहरातली माणसं वेगळं विचारतात आणि त्यांचाच मला जास्त राग येतो. मूळची मिठबावची म्हटलं की त्यांची नजर दूर कुठेतरी जाते आणि ती म्हणतात, मग तुमच्या संगीतात समुद्र असणारच. नाही. माझ्या संगीतात समुद्र नाही. आमचं घर समुद्रापासून आत, चढावर, हापूसच्या कलमांच्या बागेत आहे आणि तिथे ऐकू येते ती शेजाऱ्यांच्या पंपाची मोटर.

माझ्या संगीतात काय आहे ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. ध्वनिफीत आली तेव्हा काही संगीतकारांना तिचं वेड लागलं. फीत सावकाश फिरवली की बाईचा आवाज बाप्याचा होतो. कात्रीने कापली की स्वराचं तोंड जातं आणि नुसतं शेपूट उरतं, मग तो घंटेचा की माणसाचा ते ओळखता येत नाही. दोन टोकं चिकटवून कडं केलं की तीच ओळ फिरून फिरून येत राहते. पुढे संगणक आला आणि आवाजाचा नकाशा पडद्यावर दिसायला लागला. आपल्याला एक वाटणारा आवाज म्हणजे आत कितीतरी बारीक सुरांची उतरंड असते, हे डोळ्यांनी पाहता आलं. एवढं सगळं शिकून ही माणसं पुन्हा हाडामांसाच्या वादकांकडे गेली आणि म्हणाली, यंत्र करतं ते आता तुम्ही हाताने करा. मग व्हायोलिनं एकदम खाली घसरू लागली, फीत थांबताना आवाज घसरतो तशी. एकाने वाजवलेलं शेजारच्याने किंचित उशिरा वाजवायचं, तिसऱ्याने आणखी उशिरा, म्हणजे बंद खोलीत प्रतिध्वनी उभा राहतो. नकाशातला एकेक बारीक सूर एकेका वादकाला वाटून दिला तर सगळे मिळून दाराची करकर वाजवतात, नाहीतर माणसाने गळ्यातून लावलेला ‘आ’. रंगमंचावर वायरचा तुकडा नसतो. मी हे काम करते आणि त्यावर माझं पोट चालतं, यावर गावात अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही.

गोव्यातल्या तंतुवाद्यांच्या एका वृंदाने माझ्याकडे नवी रचना मागितली तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. काय लिहायचं ते मला आधीच ठाऊक होतं. माझ्याकडे त्यांचं गाऱ्हाणं होतं.

आमच्या बागेच्या कोपऱ्यात काजूच्या मुळाशी एक दगड आहे. त्याला आकार नाही, शेंदूर नाही. तो आमच्या जागेचा राखणदार. दरवर्षी मोहर धरायच्या आधी बाबा त्याला राखण देत, म्हणजे कोंबडा आणि नारळ, आणि त्याच्यापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालत. समोर कोणी दिसत नसताना मोठ्याने बोलायचं. वर्षभरात काय झालं ते सांगायचं, काय दिलंय ते सांगायचं, काय हवंय ते मागायचं. प्रत्येक वाक्य संपलं की भोवतीच्या माणसांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा.’ ते म्हणायलाच लागतं. होकार मिळाला नाही तर बोललेलं पोचत नाही, ते तिथेच लोंबकळत राहतं, अशी आमच्याकडे समजूत. इतरांच्या बागेत होकाराला भावकीतले दहा बाप्ये असत. आमच्याकडे काका आणि बागेतला गडी, दोघेच. म्हणून आई, जिने रिवाजाप्रमाणे लांब उभं राहायला हवं, ती लांब उभी राहायची खरी, पण मागच्या दाराच्या पायरीवरून तीही होकार द्यायची. तिचा ‘व्हय’ नेहमी दोघांच्या मागून यायचा.

बाबांच्या शेवटच्या वर्षी मी नवं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन पुण्याहून घरी आले होते आणि ते तपासायला मी ती राखण मुद्रित केली. बाबांनी यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ह्या तुझ्या मशीनाक पण कोंब्याची सागोती वाढूची लागतली काय गो?’ मग चपला काढून ते दगडापुढे उभे राहिले आणि त्यांचा आवाज बदलला. एरवी बाबा पुटपुटल्यासारखे बोलत. गाऱ्हाण्यात मात्र आवाज पोटातून यायचा आणि बागेच्या पार टोकाला जायचा.

तर त्या वर्षी गणपती झाल्यावर मी सगळं सामान घेऊन घरी आले आणि पडवीत दोन मोठे स्पीकर मांडले. काका तोवर मुलाकडे मुंबईला गेले होते. आई एकटी राहायची. राखण चुकलेलीच होती. पहिलं वर्ष सुतकाचं म्हणून गेलं, दुसऱ्या वर्षी काका येतो म्हणाले तर तीच म्हणाली, यंदा नको. का ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

कामाला लागले ती आधी आवाज धुवायला. कावळे काढले, कोंबडा काढला, काकांचा, गड्याचा आणि आईचा ‘व्हय म्हाराजा’ काढला. दोन आवाज एकावर एक पडले की नकाशा गढूळ होतो, नाइलाज असतो. पण त्या होकारांना लागलेला वेळ मी तसाच ठेवला, कारण बाबांचा श्वास त्या वेळात बसलेला होता. तिथे आता रिकामी जागा होती. मग पहिल्याच वाक्याचं कडं केलं: ‘बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या नावान ह्यो नारळ ठेयलो आसा रे म्हाराजा.’ आणि शांतता. आणि पुन्हा, बा राखणदारा म्हाराजा. सकाळी चहा घेऊन बसले की ते सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. मी ऐकत होते आणि लिहीत होते. हा सूर चेल्लोला, हा दुसऱ्या व्हायोलिनला, हा खरखरीत भाग व्हायोलाला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ गज घासून.

सावकाश केल्यावर बाबांचा आवाज फार मोठा झाला. एका ‘रा’मध्ये इतकं काही होतं की मी चार दिवस तिथून बाहेर पडले नाही. मग तो मला दुसरीकडेही ऐकू यायला लागला. पंपाच्या मोटरीत, फ्रिजमध्ये, आमच्या मोरीच्या नळात. अंघोळ करून बाहेर यावं आणि ते अंगणात, खळ्यात उभे आहेत असं इतकं पक्कं वाटावं की मी पदर सावरून बाहेर डोकवायची. मला भीती वाटायची असं नाही. मला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची भीती वाटायची.

याच दिवसांत आईचा घसा बसला. आधी मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, मग हळद-दूध, मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, काकी, काही नाही झालेलं, जरा बोलणं कमी करा. मला हसूच आलं. ती बोलते कोणाशी? वर्षभर एकटी असते, आणि मी आले तर मी तोंड वर करत नाही. परत येताना मी तिची थट्टा केली की कोणाशी गजाली मारतेस ते तरी सांग. ती रिक्षाच्या बाहेर बघत राहिली.

आणि एका दुपारी लाईट गेली. कडं फिरत होतं, बाबांचं वाक्य संपलं आणि नेमके तेव्हा स्पीकर बंद पडले. पंखा थांबला, पंप थांबला, सगळं घर एकदम गप्प झालं. त्या शांततेत आतून हलका, फाटलेला आवाज आला, ‘व्हय म्हाराजा.’

तो आवाज मी स्वतः काढून टाकला होता. मी स्पीकरकडे पाहिलं, त्याचा दिवा विझलेला होता. मग उठून आत गेले. आई विळीवर बसून नारळ खवत होती आणि वर न बघता खवतच राहिली.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, पहिल्या दिसापासून. म्हणजे गेले तीन आठवडे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, त्या रिकाम्या जागेत, प्रत्येक वेळी. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, मी पडवीत बसून त्याच जागेची लांबी मोजत असताना. मी तिच्यावर ओरडले. राखणदार काय या कड्याला भुलून येणार आहे? हे यंत्र आहे, त्याला होकार दिला नाही म्हणून काय बाग जळणार आहे?

‘राखणदाराचा रवांदे,’ आई म्हणाली. ‘तो तुझो बापूस बोलता. दिवसभर तू तेका बोलूक लावतंस, आणि घरात कोणी व्हय म्हणूक नाय, ह्या बरा दिसता?’

यावर मी काय केलं? मी हेडफोन लावले. मला वाटलं, केवढा समंजसपणा केला. तिच्या घशाला आराम मिळाला आणि तो दोन दिवसांत सुटलाही. पण आता ती कामं अर्धी टाकून दाराशी येऊन उभी राहायची आणि माझ्या कानांकडे बघायची. मी हेडफोन काढून काय म्हणून विचारलं की म्हणायची, काय नाय. मग एकदा म्हणाली की तू एकटीच ऐकतेस. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

रचना सावंतवाडीला एका शाळेच्या सभागृहात वाजली. गोव्याहून बारा वादक आले. तालमीत व्हायोला वाजवणाऱ्या एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की या मधल्या रिकाम्या जागांत आम्ही करायचं काय. मी म्हटलं, गज उचलून धरायचा आणि मोजायचं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांच्याकडे घरच्या क्रूसापुढे संध्याकाळची प्रार्थना चाले, वडील म्हणत आणि घरच्यांनी उत्तर द्यायचं. हा त्यातलाच प्रकार दिसतो, त्या म्हणाल्या, मग उत्तर कोण देणार? मी सांगितलं की कोणी नाही, ते काढलंय. त्यांनी गजाला राळ लावायला घेतली.

आईने त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली. बारा जणांनी सुरुवात केली आणि लाकडातून आणि तारांतून बाबांचा ‘आ’ उभा राहिला. मी खोटा विनय करणार नाही, तो खरोखर उभा राहिला. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग बारा गज वर उचलले गेले आणि पहिली रिकामी जागा आली. मी आईकडे बघत होते. तिने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या जागेत नाही, शेवटच्याही नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ भेटून म्हणाले की तुमच्या संगीतात समुद्र ऐकू आला. मी त्यांना नमस्कार केला.

गाडीत मी तिला कसं वाटलं म्हणून विचारलंच. ती म्हणाली, ‘बरा वाजयला सगळ्यांनी. पण तेच्यात तो नाय.’

मला संताप आला. तीन महिने मी त्यांच्या एकेका श्वासाचा हिशेब मांडला होता, आणि जिच्यासाठी तो सगळ्यात जास्त कामाचा, तिने एका वाक्यात निकाल लावला. आणि त्यातच मला हेही कळत होतं की ती खोटं बोलत नाहीये. मी आवाज उभा केला होता. त्या आवाजाला आईकडून काहीच नको होतं.

काम संपलं तसे मी स्पीकर खोक्यात भरले आणि घर पहिल्यासारखं झालं. म्हणजे मला पहिल्यासारखं वाटलं. आई जेवायला ताट वाढून घ्यायची आणि ते घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची. तासाभराने बघावं तर भात थिजलेला आणि ती काजूकडे बघतेय. एकदा मी जवळ गेले तर तिने हाताने खूण करून मला गप्प केलं. ती कान देऊन बसली होती. रोड झाली होती. शेजारच्या काकींनी मला हळूच सांगितलं की तिला तुझ्याबरोबर पुण्याला ने, हे काही ठीक दिसत नाही. मी तसं सुचवलं तर आई म्हणाली, मी गेलंय आणि तेणा साद घातल्यान तर? माझ्याच कड्याने हे केलं होतं. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती बरी होती. मी त्यांना पडवीत आणून बसवलं, आणि काम झाल्यावर त्यांच्यासकट सामान बांधलं.

मग मी मूळचं, न धुतलेलं ध्वनिमुद्रण तिच्या फोनवर घालून दिलं. त्यात काका होते, गडी होता, ती स्वतः होती. तिने एकदाच ऐकलं आणि फोन परत दिला. ‘तेच्यात मी बोलान गेलंय. आता माका जागो खंय?’ बरं, मग कडं देऊ का, ते बिनहोकाराचं? त्यालाही नको म्हणाली. तो तेच तेच बोलतो म्हणाली, या वर्षाचं त्याला काय ठाऊक. वाऱ्याने दोन माड पाडले, गडी गुडघ्याने अंथरुणाला खिळला, हे त्यात कुठे आहे? आणि मग, जणू मीठ मागावं तसं म्हणाली की राखण चुकलीय, यंदा दे. मला वाटलं काकांना बोलवायला सांगतेय. ती म्हणाली, तू दी.

मी म्हटलं, बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. ती म्हणाली, बायकांनी व्हय तरी कुठे म्हणायचं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही बागेत गेलो. कोंबडा नव्हता, मला तो धरता आला नसता; नुसता नारळ होता. आई तिच्या पायरीवर उभी राहिली. मी चपला काढल्या आणि दगडापुढे नारळ ठेवला. दुपारचा बागेत वारा नसतो. कलमांखाली सावली इतकी दाट होती की दगड नीट दिसत नव्हता, आणि तिथे कोणीतरी ऐकायला थांबलेलं आहे असं मला वाटलं, हे मी आजही नाकारणार नाही.

मग मी सुरुवात केली, आणि ती माझी नव्हती. शब्द पाठ केलेले नव्हते, पण श्वास पाठ होता. कुठे आवाज पोटात न्यायचा, कुठे सोडायचा, ‘म्हाराजा’च्या आधी किती थांबायचं, सगळं घशाला ठाऊक होतं. बाबांना एका ठिकाणी ठसका लागायचा. तिथे मला ठसका लागला. मी हादरले, आणि तरी बोलत राहिले. माड सांगितले, गड्याचा गुडघा सांगितला, काका मुंबईला गेल्याचं सांगितलं. प्रत्येक वाक्याला पायरीवरून ‘व्हय म्हाराजा’ आलं, जरा उशिरा, लांबून, पूर्वीसारखं. तो आवाज कधी नव्हे इतका खुशीत होता. ती माझ्याशी बोलतच नव्हती.

वर्षाचं सगळं सांगायचं असतं. मी पुढचं वाक्य जुळवायला लागले आणि मला कळलं की दोन वर्षांची राखण चुकलीय म्हणजे राखणदाराला अजून कोणी सांगितलेलंच नाही. यंदा नको, असं आई का म्हणाली होती तेही तेव्हा कळलं. सांगितलं असतं तर तिला होकार द्यावा लागला असता.

मी मागे वळून पाहिलं नाही. त्याच आवाजात म्हटलं, ‘बा राखणदारा म्हाराजा, तुझी राखण देणारो आता नाय रे म्हाराजा. तो गेलो.’

रिकामी जागा आली. तिची लांबी मला जगात कोणापेक्षाही जास्त ठाऊक होती. ती भरली आणि संपली, आणि मागून काही आलं नाही. मी थांबले. एक पान पडलं ते ऐकू आलं. पुढचं वाक्य सुरू करून तिची सुटका करावी असं फार वाटलं, आणि मी ते केलं नाही. मला वाटतं त्या दुपारी मी आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम केलं, ते म्हणजे गप्प उभी राहिले.

‘व्हय,’ पायरीवरून आलं. मग बऱ्याच वेळाने, ‘म्हाराजा.’

मी श्वास घेतला, माझा स्वतःचा, आणि यंदाचा मोहर मागायला लागले.